जुनी रेल्वे-मॉडेल मासिके केवळ वाचायची, की त्यांतील पद्धती आजही वापरायच्या?

रूळवेडा (प्रश्न)

नमस्कार. 'मॉडेल रेलरोडर' आणि 'रेलरोड मॉडेल क्राफ्ट्समन' या दोन अमेरिकी मासिकांच्या जुन्या अंकांचा एक मोठा गठ्ठा अलीकडेच माझ्या हाती आला आहे. त्यांतील बहुतेक अंक १९५० आणि १९६० च्या दशकांतले आहेत, थोडे त्याआधीचेही आहेत. मी एचओ प्रमाणात (खऱ्या गाडीच्या साधारण १:८७ आकारात) काम करतो आणि आजवर बव्हंशी तयार संचच जोडत आलो आहे. त्यामुळे या अंकांतील लेखकांचा आत्मविश्वास पाहून मी थक्क झालो. लेखाच्या पहिल्या परिच्छेदात हातात लाकडाची पट्टी, ब्रिस्टल बोर्डाचा (गुळगुळीत पुठ्ठ्याचा) तुकडा आणि थोडी पितळी तार असते, आणि चार पानांनंतर त्यातून मालगाडीची बंदिस्त वाघीण उभी राहिलेली असते. मधली प्रत्येक पायरी लेखक शांतपणे समजावून सांगतो आणि वाचकाला हे जमणारच, असे गृहीत धरतो. जाहिराती वाचण्यातही माझा बराच वेळ जातो, हे सांगायला हरकत नाही.

मात्र वाचनाचा आनंद वेगळा आणि उपयोग वेगळा. रूळ पुसायला कार्बन टेट्राक्लोराइड, डोंगराच्या लेपात ॲस्बेस्टॉसची पूड, गवतासाठी रंगवलेला लाकडाचा भुसा, वेग कमी-जास्त करायला रियोस्टॅट: हे सर्व वाचताना यांतले आज काय घ्यावे आणि काय तिथेच सोडावे, याचा उलगडा होत नाही. अशा मासिकांतील कोणत्या पद्धती तुम्ही खरोखर वापरल्या आहेत? त्यांतील आराखड्यांवरून आज एखादी वाघीण बनवायची झाल्यास कोणती काळजी घ्यावी? केवळ स्मरणरंजन म्हणून वाचणाऱ्यांचेही स्वागत आहे, पण माझा प्रश्न कामाचा आहे.

सांधेवाला

आपल्या प्रश्नाचे उत्तर साहित्य आणि विचार या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की बरेच सोपे होते. त्या लेखांतील साहित्य जुने झाले आहे, पण त्यामागचा विचार बहुतांशी शाबूत आहे. त्या काळी दुकानात फारसे काही तयार मिळत नसल्यामुळे लेखकाला प्रत्येक कृतीचे कारण सांगणे भाग होते, कारण वाचक नेमके तेच साहित्य मिळवू शकेल याची त्याला खात्री नसे. आजच्या लेखांत पुष्कळदा अमुक कंपनीची अमुक बाटली घ्या एवढेच सांगितलेले असते, आणि ती बाटली बाजारातून गेली की लेखही निरुपयोगी होतो. फ्लोक्विल रंगांचे उत्पादन २०१३ मध्ये थांबले, तेव्हा हा अनुभव अनेकांना आला. याउलट ब्रिस्टल बोर्डाला दोन्ही बाजूंनी शेलॅक लावा, एकाच बाजूने लावल्यास तो वाकेल, हे सांगणारा सत्तर वर्षांपूर्वीचा लेख आजच्या कोणत्याही पुठ्ठ्याला आणि कोणत्याही वार्निशाला लागू पडतो.

माझ्या मते सर्वांत टिकाऊ भाग रुळांखालच्या लाकडी सांगाड्याचा आहे. लिन वेस्टकॉट हे १९६१ ते १९७७ या काळात 'मॉडेल रेलरोडर'चे संपादक होते आणि त्यांनी एल-गर्डर पद्धत रूढ केली. उभ्या फळीच्या वरच्या कडेला एक अरुंद आडवी पट्टी चिकटवायची, म्हणजे उलट्या एल आकाराची तुळई तयार होते, आणि तिच्यावर आडवे वासे टाकून ते खालून स्क्रूने पकडायचे. खरी मेख या खालून मारलेल्या स्क्रूंमध्ये आहे. वर रूळ टाकून झाले, डोंगर उभे राहिले आणि त्यानंतर एखादा वासा नेमका सांध्याच्या (गाडीचा मार्ग बदलणाऱ्या रुळांच्या) मोटरच्या जागी येतो असे लक्षात आले, तरी वरच्या कामाला धक्का न लावता तो खालूनच सोडवून बाजूला सरकवता येतो. लाकडाऐवजी प्लायवूडच्या पट्ट्या घेतल्या तरी तत्त्व बदलत नाही. ज्या लेआउटचा (रूळ आणि देखावे यांच्या संपूर्ण मांडणीचा) आराखडा काम चालू असताना बदलतो (आणि न बदलणारा लेआउट मी तरी पाहिलेला नाही), त्यासाठी याहून सोयीची रचना मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट रूळरचनेच्या नियोजनाची. लेआउटचे आराखडे आखणारे जॉन आर्मस्ट्राँग यांनी खोलीत काय मावेल हे झटपट ताडण्यासाठी चौरसांची पद्धत सांगितली. आपल्या किमान वळणाच्या त्रिज्येत दोन समांतर रूळमार्गांमधल्या अंतराची दुप्पट मिळवली की एका चौरसाची बाजू मिळते. त्रिज्या १८ इंच आणि अंतर २ इंच असेल, तर चौरस २२ इंचांचा होतो. खोलीच्या नकाशावर असे चौरस आखले की पूर्ण वळण कुठे बसेल आणि कुठे बसणार नाही, हे पेन्सिलने एकही वळण न काढता कळते. आज संगणकावर आराखडे काढणारे लोकही आधी ही आकडेमोड करतील, तर त्यांचा बराच वेळ वाचेल.

तिसरी गोष्ट गाड्या चालवण्याची. न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक एलिसन यांनी १९४४ मध्ये 'मॉडेल रेलरोडर'मध्ये एक लेखमाला लिहिली. तिच्यात त्यांनी लेआउटकडे रंगमंच म्हणून पाहिले: देखावे म्हणजे नेपथ्य, गाड्या म्हणजे पात्रे आणि वेळापत्रक म्हणजे कथानक. त्यांचा डेल्टा लाइन्स हा लेआउट ओ प्रमाणातला होता आणि आजच्या दृष्टीला त्यातील देखावे साधे वाटतील. तरीही प्रत्येक वाघिणीला कुठून तरी कुठे तरी जायचे कारण असले पाहिजे, हा त्यांचा आग्रह वाचला की गोल गोल फिरणारी गाडी पाहण्यात मन रमेनासे होते. तुमच्या गठ्ठ्यात ते अंक असतील, तर तिथूनच सुरुवात करा.

हाताने रूळ टाकण्याबद्दलचे लेखही मी वापरले आहेत. लाकडी स्लीपर चिकटवून झाल्यावर त्यांचे माथे सपाट ठोकळ्यावरच्या पॉलिशपेपरने एका पातळीत आणायचे, रंग आणि खडी आधीच टाकून घ्यायची, मग एक रूळ नजरेने सरळ ठेवून खिळायचा आणि दुसरा गेजच्या (दोन रुळांमधले अंतर राखणाऱ्या साधनाच्या) आधाराने. प्रत्येक स्लीपरवर खिळे मारायचे नसतात, चार-पाच स्लीपर सोडून मारले तरी पुरते. यात आज फक्त एक बदल करावा: पितळी रुळांऐवजी निकेल-सिल्व्हरचे रूळ घ्यावेत, म्हणजे ते वारंवार पुसत बसावे लागत नाही. पातळी साधण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि जुने लेखकही ते लपवत नाहीत, पण गाडी रुळावरून घसरण्याची निम्मी कारणे तिथेच संपतात.

तांबडासिग्नल

सांधेवाला यांनी साहित्य आणि विचार वेगळे केले ते योग्यच आहे. साहित्याबद्दल मात्र अधिक स्पष्ट बोलायला हवे, कारण जुन्या लेखांतील काही सूचना घातक आहेत आणि त्या अतिशय सहजपणे लिहिलेल्या असतात.

कार्बन टेट्राक्लोराइड त्या काळी रूळ आणि मोटरचे ब्रश पुसायला सर्रास वापरत. त्याची वाफ यकृताला आणि मूत्रपिंडांना इजा करते, आणि तापलेल्या पृष्ठभागाशी संबंध आला तर त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. त्याच्या जागी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे आणि तेही खिडकी उघडी ठेवून, कारण ते पेट घेते. ॲस्बेस्टॉसबद्दल तर चर्चाच नको. लेप घट्ट व्हावा आणि त्याला तडे जाऊ नयेत म्हणून ती पूड मिसळली जात असे, आज ते काम कागदाचा लगदा करतो. यापेक्षा अवघड प्रश्न जुन्या तयार डोंगरांचा आहे. कोणी पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा लेआउट मोडून त्याचे तुकडे देऊ केले, तर त्यातील लेप कशाचा आहे हे कळल्याखेरीज तो कापू, घासू किंवा फोडू नये.

शिशाची वजने आजही मिळतात आणि बंद डब्याच्या आत बसवली तर त्यांचा त्रास नाही, पण ती कानसीने घासणे टाळावे आणि हाताळल्यावर हात धुवावेत. वाघीण जड करायला स्टीलचे नट चालतात.

विजेच्या बाबतीत माझे मत कडक आहे: त्या काळचे पॉवर पॅक (गाड्यांना वीज पुरवणारे खोके) शोभेला ठेवावेत. त्यांच्या वायरींचे आवरण कडक होऊन तडकलेले असते. शिवाय कित्येकांत सेलेनियम रेक्टिफायर (वीज एकाच दिशेने वाहती करणारा भाग) असतो आणि तो जळाला तर दुर्गंधीयुक्त विषारी धूर सोडतो. नव्या नियंत्रकावर जुने इंजिन चालवायचे असेल तर आधी ते किती वीज ओढते हे मोजावे, कारण त्या वेळच्या उघड्या चौकटीच्या मोटरी एक अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून अधिक सहज ओढतात आणि इंजिनात बसवलेला लहान डिजिटल डिकोडर (नियंत्रणाचे सर्किट) त्याने जळतो. मोटर साफ करण्याच्या उत्साहात तिचा आर्मेचर (फिरणारा गाभा) बाहेर काढू नये. अल्निको चुंबकाच्या दोन टोकांमध्ये लोखंडाचा तुकडा न ठेवता आर्मेचर काढला, तर चुंबकाची ताकद कमी होते आणि मोटर पूर्वीपेक्षा जास्त वीज खाऊन कमी ओढते.

झाडझुडूप

मी थोडा विरोधी सूर लावतो. जुन्या अंकांवर माझेही प्रेम आहे, पण त्यांच्याकडे पाहताना आपण निवडक आठवण ठेवतो. त्यांतले कित्येक लेख घाईत लिहिलेले, अंधूक छायाचित्रांचे आणि हाताशी असलेल्या डब्या-बाटल्यांतून काहीतरी बनवून दाखवण्यापुरतेच असत. रंगवलेला भुसा सत्तर वर्षांपूर्वी भुशासारखाच दिसत होता आणि आजही तसाच दिसतो. विद्युतभाराने उभे राहणारे कृत्रिम गवत एकदा वापरल्यानंतर त्याकडे परत जाण्याचे कारण मला सापडत नाही. ग्लिसरीनमध्ये मुरवलेले लायकेन झुडूप म्हणून लांबून बरे दिसते, पण काही वर्षांनी ते वाळून ठिसूळ होते. बारीक तपशिलांच्या बाबतीतही लेसरने कापलेले लाकूड आणि त्रिमितीय छपाई हातकामाच्या कितीतरी पुढे गेली आहेत. जे काम लोक नाइलाजाने करत होते, त्याला आज कौशल्य म्हणून डोक्यावर घेण्यात काही अर्थ नाही.

सांधेवाला

झाडझुडूप, गवताबद्दल तुमचे म्हणणे पूर्ण मान्य. माझ्याही लेआउटवर भुसा नाही. मात्र सगळे देखावे त्या एका मापाने मोजू नयेत. डोंगराचे कवच पाहा. पूर्वी तारेच्या जाळीवर प्लॅस्टर थापत, ते अतिशय जड होई आणि नंतर त्यात बदल करणे कठीण जाई. वेस्टकॉट यांनी पुढे आणलेल्या पद्धतीत वर्तमानपत्रांचे बोळे आणि चिकटपट्टी यांचा तात्पुरता आधार करतात, त्यावर हायड्रोकॅल या कणखर प्लॅस्टरमध्ये बुडवलेले कागदी टॉवेल अंथरतात, आणि ते घट्ट झाले की खालचे बोळे काढून टाकतात. जेमतेम काही मिलिमीटर जाडीचे हे कवच स्वतःच्या जोरावर उभे राहते. साधे प्लॅस्टर ऑफ पॅरिस इतक्या कमी जाडीत तग धरत नाही, म्हणून तिथे प्लॅस्टरची निवड महत्त्वाची. त्यांचीच रंगाची युक्तीही अजून चालते: कोरडे प्लॅस्टर आणि कोरडे मातकट रंग एकत्र करून चाळणीने ओल्या पृष्ठभागावर भुरभुरवायचे. रंग लेपातच मुरल्यामुळे टवका उडाला तरी खालून पांढरे डोकावत नाही.

खडकांचेही तसेच. खऱ्या दगडावर रबरी लॅटेक्सचे थर देऊन साचा काढायचा आणि त्यात प्लॅस्टर ओतायचे, यापेक्षा वेगळे आपण आज काय करतो? कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील जॉन ॲलन यांचा गोर अँड डॅफेटेड हा लेआउट १९७३ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत आगीत नष्ट झाला, त्यामुळे तो आता जवळपास फक्त छायाचित्रांतून आणि लेखांतूनच उरला आहे. त्यात जमिनीपासून वरपर्यंत चढत गेलेले डोंगर आणि जागा मोठी भासवण्यासाठी लपवलेले आरसे होते. आरसा कुठे ठेवावा आणि त्याची कड कशी झाकावी, याची उत्तरे मला कोणत्याही नव्या उत्पादनाच्या माहितीपत्रकात मिळालेली नाहीत. नाइलाजाने केलेल्या कामाबद्दलचा तुमचा मुद्दा खरा असला, तरी नाइलाजाने शोधलेली गोष्ट नाइलाज संपल्यावर लगेच चुकीची ठरत नाही.

रूळवेडा

सर्वांचे आभार. पॉवर पॅकबद्दलचा सल्ला वेळेवर मिळाला, कारण गठ्ठ्यासोबत एक पॅकही आलेला आहे आणि तो आता काचेच्या कपाटात जाईल. मी ४० फुटी लाकडी वाघिणीच्या एका आराखड्यावरून काम सुरू करण्याचे ठरवले आहे. काही आराखडे एचओ प्रमाणात छापलेले आहेत, काही ओ किंवा एस प्रमाणात, आणि एका १९३० च्या दशकातील अंकात ओओ असे लिहिलेले आहे. ते कसे हाताळावेत?

मोजपट्टी

आराखड्याच्या खाली छापलेल्या प्रमाणावर विसंबण्यापूर्वी त्यावरचे एक माहीत असलेले माप पट्टीने मोजा. एचओमध्ये एका फुटाला ३.५ मिलिमीटर, म्हणजे ४० फुटी डब्याची लांबी १४० मिलिमीटर भरली पाहिजे. समोरून काढलेल्या चित्रात चाके दाखवलेली असतील तर आणखी सोपे आहे: खऱ्या रेल्वेचे ४ फूट ८.५ इंचांचे गेज (दोन रुळांमधले अंतर) एचओमध्ये १६.५ मिलिमीटर येते. कागद दमट हवेत ताणला जातो, आणि अंकाऐवजी स्कॅन केलेली प्रत छापत असाल तर छपाईयंत्र पान मावण्यासाठी चित्र गुपचूप लहान करते, त्यामुळे उभे आणि आडवे माप दोन्ही तपासावे. ओ प्रमाणातला १:४८ चा आराखडा एचओसाठी ५५.१ टक्क्यांवर आणायचा आणि एस प्रमाणातला १:६४ चा ७३.५ टक्क्यांवर.

ओओची गोष्ट गमतीची आहे. ब्रिटनमध्ये ओओ म्हणजे फुटाला ४ मिलिमीटर आणि गेज मात्र १६.५ मिलिमीटर, म्हणजे गाडीच्या मानाने रूळ अरुंद. अमेरिकेत त्याच नावाखाली ४ मिलिमीटरला १९ मिलिमीटरचे गेज वापरत, जे मापाने जास्त खरे होते. लायनेल कंपनीनेही १९३८ ते १९४२ या काळात त्या गेजच्या गाड्या बनवल्या, पण दुसऱ्या महायुद्धानंतर एचओपुढे ते टिकले नाही. तुमचा आराखडा अमेरिकी असल्यामुळे त्यातील डब्याची मापे ८७.५ टक्क्यांवर आणली की एचओला जुळतात. फक्त चाकांजवळची मापे त्यातून घेऊ नका.

त्या दशकातील अंक वाचताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: त्या वेळी निरनिराळ्या कारखान्यांची चाके आणि रूळ एकमेकांशी जुळतच नसत. याच अडचणीपोटी १९३५ मध्ये मिलवॉकी येथे नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन स्थापन झाली आणि तिने मापांची मानके ठरवली. म्हणून जुन्या लेखातील चाकांची आणि कपलरची (डबे एकमेकांना जोडणाऱ्या भागाची) मापे वगळून बाकी सगळे घ्यावे. जुन्या चाकांच्या कडा खोल असतात, त्या कमी उंचीच्या रुळांवर खिळ्यांच्या डोक्यांना घासत जातात.

बांधणीबद्दल थोडे. आतला ठोकळा बासवुडचा घ्या, बाल्सा फार मऊ पडतो आणि त्यात स्क्रू धरत नाही. बाजू ब्रिस्टल बोर्डाच्या केल्यास फळ्यांच्या रेघा बोथट टोकाने दाबून उमटवा, सुरीने कापू नका, कारण कापलेली कड रंग लागल्यावर फुगते. रिव्हेट मागच्या बाजूने बोथट सुईने उठवतात. जुने लेखक त्यासाठी ग्रामोफोनची वापरलेली सुई सुचवत, तुम्हाला कंपासचे घासलेले टोकही चालेल. ठोकळा चिकटवण्यापूर्वी वजनासाठी त्यात पोकळी ठेवा. असोसिएशनच्या शिफारशीनुसार एचओ डब्याचे वजन एक औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस असावे, म्हणजे साडेपाच इंचांच्या वाघिणीला पावणेचार औंस, अंदाजे १०६ ग्रॅम. लाकूड आणि पुठ्ठा मिळून याच्या जवळपासही जात नाहीत.

बोगी (डब्याखालची चाकांची चौकट) बसवताना एका बाजूचा स्क्रू असा आवळा की ती बोगी फक्त आडवी फिरेल, आणि दुसऱ्या बाजूचा इतका सैल ठेवा की ती थोडी डोलेलही. त्यामुळे डबा तीन बिंदूंवर टेकल्यासारखा राहतो आणि रुळांची पातळी किंचित चुकली तरी चारही जोड्या रुळाला धरून राहतात. ही सूचना बहुधा तुमच्या लेखातच कुठेतरी असेल. नसेल तरी तशीच करा, आणि रंग देण्याआधी डबा तुमच्या सर्वांत घट्ट वळणावरून व एका सांध्यावरून ढकलून पाहा.